रेताड चुनखडीच्या जमिनीत आंबा पिवळा का पडतो, आणि काय केलं की सावरतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की जमीन रेताड आहे, खाली हात-दीड हातावर पांढरे चुनखडीचे खडे लागतात, पीएच (आम्ल-अल्कता दाखवणारा आकडा, ७ च्या वर अल्कधर्मी) ८.३ आलाय, कलमं लावून तीन वर्षं झाली आणि दर नव्या पालवीला पानं पिवळी येतात, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जिप्सम घालून झालं, गंधक घालून झालं, फेरस सल्फेट आळ्यात टाकून झालं, फरक काही नाही, तर झाडं काढून टाकावी का.

काढू नका. अशा जमिनीत आंबा होतो, चांगला होतो, मी बरीच वर्षं हेच करतोय. पण तुम्ही जे तीन उपाय केले ते तिन्ही चुन्याशी समोरासमोर कुस्ती खेळण्यातले आहेत आणि त्या कुस्तीत चुना कायम जिंकतो. का ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं आपोआप पटेल.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक फूट खोल एवढीच माती धरा. रेताड माती म्हणजे साधारण साडेचारशे किलो भरेल. त्यात चुना १० टक्के असला तरी ४५ किलो चुना झाला. एक किलो गंधकाचं पूर्ण आम्ल झालं तर ते तीन किलोच्या आसपास चुना संपवतं, म्हणजे तेवढ्या तुकड्यासाठीच साधारण साडेचौदा किलो गंधक लागेल, आणि झाडाची मुळं काय एका चौरस मीटरवर थांबत नाहीत. तुम्ही झाडाला दोनशे-तीनशे ग्रॅम घातलं असणार. ते वाया गेलं असं नाही, पण पीएच हलायचं कारणच नव्हतं. जोवर मातीत मोकळा चुना शिल्लक आहे तोवर पीएच ८ च्या आसपासच फिरत राहणार, हे एकदा मनाशी पक्कं करा, अर्धी डोकेदुखी तिथेच जाते.

आणि जिप्सम. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ते आम्ल नाही. सोडियमवाल्या चोपण जमिनीत त्याचा फार उपयोग होतो, कारण तिथे सोडियमला हुसकावायला कॅल्शियम हवा असतो. तुमच्या जमिनीत कॅल्शियम आधीच उतू चाललाय, त्यात अजून कॅल्शियम कशाला. मातीच्या रिपोर्टमध्ये सोडियम जास्त आला नसेल तर जिप्सम बंद करा.

राहिलं फेरस सल्फेट. लोह तुमच्या जमिनीत नाही असं नाही, ते विरघळत नाही. पीएच एका अंकाने वाढला की विरघळलेलं लोह जवळजवळ हजार पटीने कमी होतं, एक अंक म्हणजे हजार पट, हे नीट लक्षात घ्या. त्यामुळे तुम्ही आळ्यात टाकलेलं फेरस सल्फेट पाणी लागलं की थोड्याच वेळात गंजून बसतं. आळं उकरून बघा, टाकलेल्या जागी विटकरी डाग दिसतील, तेच तुमचं खत. आंब्याचं मूळ स्वतःही प्रयत्न करत असतं बरं का, ते आम्ल सोडून भोवतालचं लोह सोडवून घ्यायला बघतं, पण चुन्याच्या मातीतलं बायकार्बोनेट ते आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतं. झाड उपाशी आहे आणि ताट समोर वाढलेलं आहे, अशी अवस्था.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की सगळी जमीन सुधारायच्या मागे लागू नका, मुळांपैकी थोड्या मुळांना चुन्याच्या बाहेर जेवायला जागा करून द्या. लोह झाडाला लागतं ते फार थोडं, त्यामुळे थोड्या मुळांना जरी मिळालं तरी सगळं झाड हिरवं होऊ शकतं.

पण त्याच्या आधी हा लोहाचाच केवडा, म्हणजे लोह कमी पडून पान पिवळं पडणं, आहे ना ते पक्कं करा, कारण पिवळं पान म्हटलं की लोक डोळे झाकून लोह देतात. आंब्याची कोवळी पालवी मुळातच तांबूस येते, लोंबते, मग फिकट पोपटी होते आणि पान ताठ झालं की गडद हिरवं. त्या पोपटी अवस्थेतलं पान बघून घाबरू नका. पान हाताला थोडं कडक लागायला लागलं, फांदीवर ताठ उभं राहिलं आणि तरी पिवळं राहिलं तरच तो केवडा. ते पान उन्हाकडे धरा. लोहाची कमतरता असेल तर बारीकातली बारीक शीरसुद्धा हिरव्या रेघेसारखी दिसते आणि मधला भाग स्वच्छ पिवळा, फार वाढली तर पांढरट, आणि हे सगळ्यात नव्या पानांवर, जुनी पानं त्याच फांदीवर खाली हिरवीगार. शिरेच्या बाजूला जाड हिरवा पट्टा आणि मध्ये अंधुक, डागाडागाचं पिवळं असेल तर मँगनीज. पानं बारकी, अरुंद, शेंड्याला झुपक्यासारखी दाटलेली असतील तर जस्त. जुनी पानं पिवळी आणि देठाकडे हिरवा व्ही सारखा भाग शिल्लक असेल तर मॅग्नेशियम. खालची जुनी पानं सरसकट पिवळट आणि झाड मरगळलेलं असेल तर नत्र. आणि पानाचं टोक, कडा करपल्या असतील तर ते केवड्याचं दुखणं नाहीच, ते क्षाराचं, पाणी तपासा.

चुनखडीच्या जमिनीत लोह, जस्त, मँगनीज तिघंही एकदम कमी पडू शकतात, मग पानावर सगळी खिचडी दिसते आणि भल्याभल्यांना ओळखता येत नाही. त्यासाठी मी ब्रशची टेस्ट करतो. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट, एक-दोन ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि चिकटायला दोन थेंब भांड्याचा साबण. चित्रकलेचा मऊ ब्रश घ्यायचा आणि संध्याकाळी पिवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या एकाच बाजूला, वरून आणि खालून, हे पाणी लावायचं. दुसरी बाजू तशीच सोडायची. अशी पाच-सहा पानं, देठाला दोरा बांधून. दुसऱ्या फांदीवर असंच जस्ताचं, तिसरीवर मँगनीजचं. आठ-दहा दिवसांनी जाऊन बघा, लोहच कमी असेल तर पानाचा रंगवलेला अर्धा भाग हिरवा होतो, कधी सगळा, कधी नुसते हिरवे ठिपके, आणि उरलेला अर्धा तसाच पिवळा. पहिल्यांदा हे पान हातात घेतलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बघत उभा होतो, झाडाने एवढं स्पष्ट उत्तर दिलेलं पुन्हा क्वचितच बघायला मिळतं. यासाठी लॅबचा पान-रिपोर्टसुद्धा एवढा उपयोगी पडत नाही, कारण पिवळ्या पानात एकूण लोह कधीकधी हिरव्या पानाएवढंच निघतं, ते पानात पोचलेलं असतं पण कामाला लागलेलं नसतं. रिपोर्टमध्ये लोह नॉर्मल आलं म्हणून लोहाचं कारण बाद करू नका.

आता इलाज. सगळ्यात लवकर आराम पडतो तो चिलेटने, म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणाऱ्या पदार्थाने, पण चिलेट चिलेटमध्ये फार फरक आहे आणि इथेच लोक फसतात. ईडीटीए चिलेट साधारण साडेसहा पीएचपर्यंत टिकतं, डीटीपीए सात-साडेसातपर्यंत. तुमच्या ८.३ च्या मातीत ईडीटीए घातलं की त्यातलं लोह बाहेर पडतं आणि त्याच्या जागी कॅल्शियम बसतो, म्हणजे तुम्ही लोह विकत घेऊन चुन्याला दिलंत. चुनखडीच्या जमिनीसाठी ईडीडीएचए नावाचंच चिलेट लागतं, ते ९ पीएचच्या पुढेही लोह धरून ठेवतं. पाण्यात टाकलं की गडद लाल, अगदी बीटाच्या रसासारखं पाणी होतं. पाकिटावर लोह ६ टक्के लिहिलेलं असतं, ते सगळे लिहितात, तुम्ही त्याच्या खाली ‘ऑर्थो-ऑर्थो’ किती टक्के लिहिलंय ते बघा, कारण जमिनीत टिकणारा भाग तो. तो आकडाच नसेल तर मी ते पाकीट घेत नाही.

द्यायचं कसं, तर लहान झाडाला एका वेळी १५ ते २० ग्रॅम, पाच वर्षांपुढच्या झाडाला ५० ते ६० ग्रॅमपर्यंत, भरपूर पाण्यात विरघळवून, आळ्यात ओल असताना, जिथे पांढरी मुळी आहे तिथे ओतायचं, बुंध्याशी नाही. पाकिटावरचं प्रमाण वेगळं असेल तर ते धरा. वर्षाचं एकदम देऊ नका, हे चिलेट मातीला चिकटून राहत नाही आणि तुमची रेती आहे, एका मोठ्या पाण्यात ते मुळाच्या खाली निघून जाईल. उबदार दिवसांत तीन-चार हप्ते करा आणि प्रत्येक हप्ता नवी पालवी फुटायच्या थोडं आधी येईल असं बघा. ओतल्यावर वर पालापाचोळा ओढून घ्या, उन्हात ते खराब होतं. त्याच कारणाने मी ते फवारत नाही.

फवारणीला साधं फेरस सल्फेटच, वर सांगितलेल्या प्रमाणात, पान तांबूस रंगातून पोपटी रंगात आलं की, संध्याकाळी. अगदी कोवळ्या लोंबत्या पालवीवर मारायचं तर निम्मं प्रमाण, नाहीतर काळे डाग पडतात. द्रावण त्याच दिवशी संपवा, गढूळ विटकरी झालं की ते गेलं. आणि हे लक्षात ठेवा की लोह एका पानातून दुसऱ्या पानात फारसं जात नाही, ज्या पानाला लागलं ते हिरवं, पुढची पालवी परत पिवळी. त्यामुळे फवारणी म्हणजे वेळ मारून नेणं आहे, पण पिवळं पान अन्न कमी बनवतं म्हणून वेळ मारून नेणंही कामाचं. जस्त आणि मँगनीजचं मात्र उलट, ते मी जमिनीतून देतच नाही, चुन्यात अडकतात, पालवीला फवारणीतूनच देतो. बोरॉन जपून, कमी आणि जास्त यांच्यातलं अंतर फार थोडं असतं, रिपोर्ट असल्याशिवाय हात लावू नका.

हे झालं वरवरचं. खरं काम आच्छादनाचं आहे आणि ते फुकटात जमण्यासारखं आहे, म्हणून कदाचित लोक त्याला किंमत देत नाहीत. झाडाच्या घेराखाली पालापाचोळा, बारीक केलेल्या फांद्या, गवत, जे मिळेल ते चार ते सहा इंच जाड पसरा, बुंध्यापासून वीतभर लांब ठेवून, आणि कुजून बसेल तसं वरून घालत राहा, खणून मिसळू नका. दीड-दोन वर्षांनी वरचं कोरडं पान बाजूला करून बघा, खाली अर्धवट कुजलेला काळपट थर असतो आणि त्या थरात पांढऱ्या मुळ्यांचं जाळं वर चढून आलेलं दिसतं, कुजलेल्या पानाला चिकटून, पान उचललं तर मुळी सोबत उचलली जाते. खालच्या रेतीत ती मुळी कशीबशी जगत होती, इथे ती जेवतेय. त्या थरात चुना नाहीसारखाच असतो, कुजताना निघणारी आम्लं लोहाला धरून ठेवतात, म्हणजे झाडाने आपलं चिलेट आपणच तयार केलं. मी म्हटलं होतं ना चुन्याबाहेर जेवायची जागा, ती हीच.

याला जोड म्हणून घेराच्या कडेला चार-सहा ठिकाणी हातभर खोल अरुंद भोकं घ्या आणि त्यात चांगलं कुजलेलं कंपोस्ट, मूठभर गंधक आणि मूठभर फेरस सल्फेट कालवून भरा. तेच गंधक सगळ्या आळ्यात पसरलं तर चुना खाऊन टाकतो, पण एका जागी कोंडलं तर तेवढा खिसा काही काळ आम्लधर्मी राहतो आणि मुळं त्यात शिरतात. गंधकाचं आम्ल जिवाणू करतात, त्यांना ओल आणि ऊब लागते, त्यामुळे आठ दिवसांत फरक दिसणार नाही. दर वर्षी जागा बदलून नवी भोकं घ्या. कंपोस्ट किंवा शेणखत खारट नाही ना ते बघा, आंबा क्षाराला नाजूक आहे.

पाणी. याबद्दल कोणी विचारत नाही आणि निम्मा केवडा पाण्यातून येतो. पाण्याच्या रिपोर्टमध्ये बायकार्बोनेट बघा. समजा ते लिटरला ५ मिलिइक्विव्हॅलंट आहे आणि तुम्ही झाडाला रोज ४० लिटर देताय, तर ते सगळं सुकून बसलं तर रोज १० ग्रॅम चुना झाला, वर्षात ३०० दिवस पाणी दिलं तर ३ किलो चुना तुम्ही स्वतःच्या हाताने एका आळ्यात ओतलात, तोही नेमका मुळाच्या तोंडाशी. ड्रिपरच्या तोंडाला पांढरी पापडी धरत असेल तर समजून जा. अशा पाण्यात आम्ल सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणला तर केवडा कमी होतो आणि ठिबकही तुंबत नाही, पण किती आम्ल हे पाणी तपासूनच ठरवा, आणि हातमोजे-चष्मा घालून आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात कधीही नाही. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर ते निदान कलम लहान असताना वापरा, त्याच्यासारखं दुसरं पाणी नाही.

रेतीत ड्रिपरचं पाणी पसरत नाही, सरळ खाली जातं, एका ड्रिपरखाली ओल गाजरासारखी अरुंद आणि खोल होते. म्हणून एका झाडाला एक-दोन ड्रिपर ठेवून तास-तास चालवण्यापेक्षा ड्रिपर वाढवा आणि थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं पाणी द्या. वाफसा राहिला पाहिजे, चिखल नको. खालच्या चुनखडीच्या थरावर पाणी थांबत असेल तर मुळांना हवा मिळत नाही आणि हवेशिवाय मूळ लोह घेऊच शकत नाही, असा थर असेल तर नवी लागवड करताना पहारीने तो फोडूनच लावा किंवा उंचवट्यावर लावा. थंडीतही मुळं मंदावतात, त्या दिवसांतली पालवी जरा पिवळी आली तर लगेच खतं ओतू नका, पाणी कमी करा आणि ऊब येईपर्यंत थांबा, बऱ्याचदा आपोआप हिरवी होते.

खतांमध्ये एक गोष्ट आजच बंद करा, ती म्हणजे स्फुरद जास्त देणं. मोहोर चांगला येईल म्हणून लोक डीएपी ओततात, ते चुन्याशी बांधलं जातं ते जातंच, वर लोह आणि जस्तालाही अडकवतं. रिपोर्टमध्ये स्फुरद पुरेसं असेल तर काही वर्षं शून्य दिलं तरी चालतं. नत्रासाठी अमोनियम सल्फेट, थोडं थोडं, पाण्यातून, कारण मूळ अमोनियम घेताना भोवती आम्ल सोडतं आणि आपल्याला तेच हवंय. युरिया वर भुरभुरू नका, चुन्याच्या जमिनीवर तो हवेत उडतो. पालाशसाठी सल्फेटवालं, क्लोराईडवालं नको. मॅग्नेशियम सल्फेटही अधूनमधून, कॅल्शियम एवढा असला की पालाश आणि मॅग्नेशियम दोघांनाही मूळ नीट घेऊ शकत नाही. एक चांगली बाजूही सांगतो, कॅल्शियम भरपूर असल्याचा फायदा फळाला होतो, टोकाकडे आतून मऊ पडून गर नासण्याची तक्रार आम्लधर्मी रेतीतल्या बागांपेक्षा चुन्याच्या जमिनीत कमी दिसते, फक्त नत्राचा मारा करू नका.

खुंटाबद्दल, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्या खालच्या मुळाच्या भागाबद्दल, कारण तुम्ही पुढे अजून झाडं लावणार म्हणताय. केवडा खुंटावर ठरतो, वरची जात कोणतीही असो, जेवतो तो खुंट. इस्राएलमध्ये निवडलेला ‘१३-१’ हा खुंट चुना आणि क्षार दोन्ही सोसतो म्हणूनच नावाजला गेला, फ्लोरिडातल्या चुनखडीच्या जमिनीवर ‘टर्पेंटाइन’ खुंट पिढ्यानपिढ्या वापरतात. हे दोन्ही बहुभ्रूणी आहेत, म्हणजे एका कोयीतून अनेक रोपं येतात आणि त्यातली बहुतेक आईसारखीच असतात, म्हणून बागेत सारखेपणा राहतो. असा खुंट मिळाला नाही तर तुमच्याच जमिनीत, तशाच पाण्यावर, कुठलंही औषध न घेता वर्षानुवर्षं हिरवंगार उभं असलेलं रायवळ झाड शोधा आणि त्याच्या कोयी लावा. त्या पिशवीत न वाढवता सरळ जागेवर लावा, एका जागी तीन-चार, वर्षभर लोह न देता वाढू द्या, जे रोप चुन्यात हिरवं राहील ते ठेवा, पिवळं पडेल ते उपटा, मग त्यावर जागेवरच पाचर कलम बांधा. यात वेळ जास्त जातो, पण सोटमूळ न दुखावता खोल जातं आणि आयुष्यभराचं चिलेट वाचतं. नर्सरीतून कलम घेताना खुंट कोणता ते विचारा, एकदा मी न विचारता आणलेली कलमं दुसऱ्या वर्षापासून पिवळी पडली आणि ज्यांच्याकडून आणली त्यांनाही खुंट कसला ते सांगता आलं नाही.

तुमच्या तीन वर्षांच्या झाडांसाठी मी असा क्रम लावेन. या आठवड्यात पाण्याचा रिपोर्ट काढायला द्या आणि ब्रशची टेस्ट करा. टेस्टमध्ये लोह निघालं तर सगळ्या बागेला न देता आधी पाच झाडांना ईडीडीएचए द्या आणि पाच शेजारची तशीच सोडा, आच्छादन मात्र सगळ्यांना आजच. जी पानं पिवळी कडक झालीयेत ती पूर्ण हिरवी होतील अशी आशा ठेवू नका, त्यांच्याकडे बघून निकाल लावू नका. पुढची पालवी ताठ झाली की दोन्हीकडची पानं शेजारी शेजारी धरून फोटो काढा आणि मला दाखवा, सोबत पाण्यातलं बायकार्बोनेट किती आलं तेही सांगा, म्हणजे आम्ल लागणार की नाही आणि पुढचा हप्ता किती ग्रॅमचा ते नक्की सांगता येईल.